डाय बदलायला लागणारा वेळ

आज प्रेस शॉपमध्ये घड्याळ लावून डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलताना पाहिली. नट आवळायला वेळ लागतच नाही. तो जातो पाना शोधण्यात, क्रेनची वाट बघण्यात आणि शट हाइट (रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, पूर्ण खाली आल्यावर त्याच्या आणि डाय बसते त्या बेडच्या मधली उंची) जुळवण्यात.

जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १९६९ साली १००० टनी प्रेसचं हेच काम चार तासांवरून आधी ९० मिनिटांवर आणि मग ३ मिनिटांवर आणलं. पुढची डाय, क्लॅम्प, बोल्ट, गेज हे सगळं मशीन चालू असतानाच शेजारी तयार हवं. डायखाली पॅरलल (उंची भरून काढणारे ठोकळे) लावून सगळ्यांची उंची एक केली, की रॅम पुन्हा सेट करावा लागत नाही. क्लॅम्पिंगची जाडी सारखी ठेवली, की बोल्टही तेच चालतात. (बेड मात्र पुसायचाच! स्क्रॅपचा एक तुकडा खाली राहिला तरी डाय तिरकी बसते आणि बर (कापलेल्या कडेवर उरणारी धार) एकाच बाजूला येते.)

४८० मिनिटांच्या शिफ्टमध्ये तासाभराचे दोन बदल म्हणजे १२० मिनिटं, पाव शिफ्ट गेली. वीस मिनिटांत जमलं तर ८० मिनिटं हातात येतात. ती जादा नग काढण्यात घालवू नका, लॉट लहान करा. पाच हजारांच्या लॉटमध्ये घसरलेलं माप शेवटी सापडतं, पाचशेच्या लॉटमध्ये त्याच दिवशी.