फीड कोणाच्या नावावर?

आज दुपारी एका मैत्रिणीने तिच्यासमोर आलेला पॉडकास्ट नेटवर्कचा, म्हणजे अनेक कार्यक्रम एकत्र चालवणाऱ्या कंपनीचा, करार मला वाचून दाखवला. पॉडकास्टची कल्पना तिची, आवाज तिचा, पाहुणेही तीच शोधते. मात्र शेवटच्या पानांतल्या एका ओळीत कार्यक्रमाचे नाव, जुने भाग आणि आरएसएस फीड (ज्यातून नवे भाग श्रोत्यांच्या अ‍ॅपमध्ये आपोआप येतात ती यादी) ही नेटवर्कची मालमत्ता राहील, असे नमूद केले होते. "जाहिराती तेच आणणार आहेत ना," ती म्हणाली.

ते खरेच आहे, कारण एकट्याने जाहिरातदार मिळवणे फार दमवणारे काम असते. पण श्रोते जोडलेले असतात ते फीडशी. नेटवर्क सोडताना ते फीड नव्या पत्त्यावर वळवून मिळाले नाही, तर वर्षानुवर्षे जमवलेला श्रोतावर्ग मागेच राहतो.

स्पॉटिफायने २०१९ मध्ये गिमलेट ही पॉडकास्ट कंपनी विकत घेतली, २०२३ मध्ये ती पारकास्ट या दुसऱ्या पॉडकास्ट कंपनीसोबत आपल्या स्टुडिओत विलीन केली आणि त्याच वर्षअखेरीस गिमलेटचा 'हेवीवेट' हा कार्यक्रम बंद करण्याचा निर्णय घेतला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या रेडिओटोपिया या पॉडकास्ट नेटवर्कने मात्र कार्यक्रमांची मालकी निर्मात्यांकडेच ठेवली, आणि मला तीच रीत न्यायाची वाटते.

सही करण्याआधी ती एक ओळ बदलून मागायला आपले पॉडकास्टर इतके का कचरतात?