आमची वाटचाल : राज्य कोणावर?

नाशिकला दोन खोल्यांत मी आणि माझ्या नणंदेने पेशंट सांभाळणाऱ्यांचे क्लास सुरू केले, तेव्हा या कामाला मावशी आणि मामा हीच नावं होती. 2015 मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हा शब्द मुलांच्या तोंडी बसला. काम तेच. बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून दर 2 तासांनी कूस बदलायची, हे आमची मुलं झोपेतून उठवलं तरी सांगत. वॉर्डात मात्र पेशंटला एक शब्दही न बोलता गर्रकन वळवत.

म्हणून खेळ आणले. पहिला साफ फसला. 100 घरांची सापशिडी छापून घेतली. पेशंटला नावाने हाक मारली की शिडी, न विचारता चादर ओढली की साप. सापशिडीचं जुनं रूप असलेल्या मोक्षपटातही सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे सापच, तेव्हा कल्पना काही आमची नव्हती. पण सोंगटी फाशावर चढते, खेळणाऱ्याला काहीच बोचत नाही. उरलेले पट अजून माळ्यावर पडून आहेत.

मग नणंदेने एक दिवस खिचडी केली. ती स्टाफ नर्स होती, तिला वॉर्ड पाठ. एकाने खुर्चीत मागे रेलून, हात मांडीखाली दाबून बसायचं, दुसऱ्याने भरवायचं. भरवणाऱ्याच्या कानात आधीच सांगितलेलं : उभ्यानेच भरव, फोनवर बोलत राहा, एक घास संपायच्या आत दुसरा पुढे कर. मान मागे टाकून नुसता आवंढा गिळून बघा, म्हणजे समजेल. पेशंटला बसतं का करायचं, गिळेपर्यंत का थांबायचं, हे फळ्यावर लिहून कधी पोचलं नव्हतं ते त्या वाटीने पोचवलं.

दुसरा खेळ बेडपॅनचा. कपड्यांनिशीच, पण बसायचं 5 मिनिटं, आणि पडद्यापलीकडे बाकीच्यांनी गप्पा मारायच्या. मिनिटभरातच हसणं थांबतं. एक जुन्या मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “आम्ही रोज पडदा अर्धाच ओढतो हो.” माहितीपत्रकात आम्ही याला ‘समानुभूती’ म्हणतो. वर्गात तो शब्द कोणी उच्चारत नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळं बंद पडलं. भरवण्याचा खेळ व्हिडिओ कॉलवर होत नाही.

पुन्हा सुरू केलं तेव्हा एका रुग्णालयात एक मामा मागच्या बाकावरून म्हणाले, “मॅडम, राज्य कायम आमच्यावरच का? एकदा वरच्यांवर पण येऊ द्या की.” 12 तासांची ड्युटी करून ते आमच्या वर्गाला बसले होते, चहाही सांगितलेला नव्हता. मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून आमची एक अट आहे. एक डाव मेट्रन, म्हणजे नर्सेसच्या प्रमुख, आणि मॅनेजर खेळणार, आणि त्या डावात मामा-मावशी तेच होणार. एकाच वेळी चिठ्ठ्या येतात : 4 नंबरला बेडपॅन, एक्स-रेला स्ट्रेचर, लॅबला सॅम्पल, नातेवाइकांची ओरड. सातव्या चिठ्ठीला एक मेट्रनबाई म्हणाल्या, “अहो, मला पाणी तरी पिऊ द्या!” मावशी खळखळून हसल्या, त्यातल्याच एकीने ग्लास आणून दिला.

या अटीमुळे दोन कामं गेली. आता कोटेशनमध्ये ती पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे चर्चा लवकर आटोपते.