घराचा भाव पडला, मग घरपट्टी का नाही पडत?

दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी आमच्याकडे अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्स काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक सरकार) असेसमेंटचं पत्र येतं, १ जानेवारीला तुमच्या घराची किंमत आम्ही इतकी धरलीय असं सांगणारं. नवीन नवीन असताना मी ते वाचून चक्क खूश व्हायचे, बघ घर वधारलं! नवरा म्हणायचा अगं बाई ती किंमत आपल्या हातात येणार नाहीये, तिच्यावर टॅक्स भरायचाय. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली म्हणजे घरपट्टीच की गं. हो, घरपट्टीच, फक्त २०२५ च्या रेटने ८ लाख डॉलरच्या घराला ८,९८० डॉलर, पावसाच्या पाण्याचा वगैरे आकार वेगळा. हा आकडा ऐकून साताऱ्याहून जो पॉज आला तो अजून आठवतो.

आता मूळ मुद्दा. एकदा ऑफिसात एकजण म्हणाला की घरांचे भाव पडले तर बरंच होईल, टॅक्स तरी कमी होईल. मलाही तसंच वाटायचं. पण २००८-०९ मध्ये काय झालं ते बघा, त्या मंदीत इथल्या घरांच्या किमती एका वर्षात साधारण १२ टक्के उतरल्या. म्हणजे समजा ५ लाखांचं घर ४ लाख ४० हजारांचं झालं. २००८ चा रेट होता १०० डॉलर किमतीमागे ९२ सेंट, म्हणजे बिल ४,६००. काउंटीने २००९ ला रेट केला १ डॉलर ४ सेंट. करा गुणाकार, ४,५७६. घर ६० हजारांनी स्वस्त आणि बिलात सूट २४ डॉलरची!

यात लबाडी काही नाही खरं तर. काउंटीला तोट्याचं बजेट मांडता येत नाही, १ जुलैला वर्ष सुरू होतं तेव्हा जमाखर्च जुळलेलाच पाहिजे, नोटा छापायची सोय वॉशिंग्टनवाल्यांना आहे, यांना नाही. आणि जनरल फंडातला, म्हणजे काउंटीच्या मुख्य तिजोरीतला, अर्ध्याहून जास्त पैसा शाळांना जातो, पावणेदोन लाखांच्या वर मुलं आहेत, घरांचे भाव पडले म्हणून मुलं काही कमी होत नाहीत. तरी तेव्हा नुसता रेट वाढवून भागलं नव्हतंच, कर्मचाऱ्यांची पगारवाढ गोठवली, लायब्रऱ्यांचे तास कापले. कापाकापीची पद्धत ठरलेली असते, आधी नोकऱ्यांच्या रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवायच्या, मग छप्पर-पाइप दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलायची (ही सगळ्यात महाग बचत, पण दिसत नाही ना कोणाला), आणि मग जे दिसतं ते, म्हणजे लायब्ररी, बस, उन्हाळी कॅम्प.

राखीव पैसा असतो की, तो का नाही काढत असं मीही विचारलंय. १९९९ पासून त्यासाठी वेगळा स्थिरता निधी आहे. पण तो एकदाच खर्च होतो आणि शिक्षकाचा पगार दरवर्षी द्यावा लागतो. शिवाय राखीव गंगाजळी आटली की कर्जाची पत ठरवणाऱ्या रेटिंगवाल्यांच्या भुवया वर जातात. मूडीज या रेटिंग कंपनीचं ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरची पत, या काउंटीकडे १९७५ पासून आहे आणि काउंटीवाले ती आपल्याकडे घरातला देव जपतात तसं जपतात, कारण शाळांच्या इमारती बाँड काढून, म्हणजे कर्ज घेऊन, बांधतात, रेटिंग घसरलं की व्याज वाढलं.

आत्ताची पंचाईत मात्र २००९ पेक्षा वेगळी आहे. घरांचे भाव चढेच आहेत, पडलीत ती ऑफिसं. कोविडनंतर इथल्या टायसन्स किंवा रेस्टनसारख्या ऑफिसांच्या भागात रात्री ड्राइव्ह करताना बघा, अख्खे मजले अंधारात. रिकाम्या इमारतीची किंमत कमी लागते, त्यांचा टॅक्स घटतो आणि तो खड्डा शेवटी आपल्या टाउनहाऊसांनी भरायचा. त्यात २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांवर कुऱ्हाड आली. त्या वर्षी रेट पाव सेंटने कमी केला, १.१२५ डॉलरवरून १.१२२५, आणि तरी बिलं वाढली कारण असेसमेंटच वाढलं होतं. शाळांनी मागितली होती तेवढी वाढ त्यांना मिळाली नाहीच.

मग इन्कम टॅक्स का नाही लावत, एवढी श्रीमंत काउंटी? नाही लावू शकत. आमच्या व्हर्जिनिया राज्यात डिलन रूल चालतो, राज्याने परवानगी दिली तेवढंच काउंटीने करायचं. जनरल फंडाचा साधारण दोन तृतीयांश पैसा एकट्या घरजमिनीच्या टॅक्समधून येतो, त्यापाठोपाठ गाड्यांच्या किमतीवरच्या टॅक्सचा. २०२२ ला जुन्या गाड्यांचे भाव वाढले तेव्हा आमच्या खटाऱ्याचीही किंमत वाढली होती, हसावं की रडावं, शेवटी काउंटीनेच टॅक्ससाठी ८५ टक्केच किंमत धरायचं ठरवलं.

म्हणून मग हॉटेलच्या जेवणावरचा टॅक्स आला. २०१६ ला लोकांनी मतदान करून तो साफ नाकारला होता, २०२० ला राज्याने कायदा बदलला, मतदानाची अट गेली, आणि १ जानेवारी २०२६ पासून ४ टक्के लागू. परवा शँटिलीत डोसा खाल्ला, ४० डॉलरचं बिल, त्यावर सेल्स टॅक्स २.४०, नवा टॅक्स १.६०. नवरा बिलाकडे बघत म्हणाला चटणीवर पण लावलाय वाटतं.

शेजारच्या काउंटीतली, अ‍ॅशबर्नची मैत्रीण यावर हसते. तिची लाउडन काउंटी डेटा सेंटरांच्या कॉम्प्युटरांवर टॅक्स घेते आणि घरांचा रेट आमच्यापेक्षा बराच कमी. मी म्हटलं पोरी, उद्या ती मशीनं दुसरीकडे गेली की मग बघू. तर ती म्हणे तोपर्यंत तू तर भर.

एप्रिलमध्ये बजेटची जनसुनावणी असते, गव्हर्नमेंट सेंटरमध्ये, माणशी ३ मिनिटं. मागच्या वर्षी मी नाव द्यायचं ठरवलं होतं, मुद्देही लिहून काढले. पहिला मुद्दा, घरांवरचा टॅक्स कमी करा. दुसरा, शाळेतले बँडचे तास कापू नका. तिसरा, आमची लायब्ररी रविवारीही उघडी ठेवा. नवऱ्याने कागद वाचला, पेन घेतलं आणि दोन नंबरच्या मुद्द्यापासून एक नंबरच्या मुद्द्यापर्यंत बाण काढून ठेवला. नाव नाही दिलं मी.