तेवढीच एक हालचाल
"मामा, हे तर नुसते फोटो आहेत. पिक्चर कधी सुरू होणार?" भाची कंटाळून म्हणाली.

'ला जते' हा फ्रेंच चित्रपट लावला होता. दिग्दर्शक क्रिस मार्करचा, १९६२ चा, जेमतेम २८ मिनिटांचा. तिसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेलं पॅरिस, तळघरात राहणारी माणसं, आणि लहानपणच्या एका आठवणीच्या जोरावर भूतकाळात धाडलेला कैदी. सगळं कृष्णधवल स्थिरचित्रांत.

मग त्याच्या आठवणीतली बाई झोपेतून डोळे उघडते. पापण्या खरोखर हलतात! अख्ख्या चित्रपटात हलणारं दृश्य तेवढंच, काही सेकंदांचं.

भाची ताडकन उठून बसली. "मागे घे, परत दाखव!"

यावरूनच १९९५ मध्ये हॉलिवूडचा '१२ मंकीज' आला. तोही मला आवडतो. पण टाइम ट्रॅव्हल मनापासून खरं वाटलं ते इथेच.

कोट्यवधींचं व्हीएफएक्स बघताना असं शेवटचं कधी झालं होतं तुमचं?