आमची वाटचाल : एकाच सबनेटमधले शेजारी

आमचा मूळ धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती, सीसीटीव्ही आणि ऑफिसांच्या एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल करारांचा. स्टोर्जचे नोड हा जोडधंदा. स्टोर्ज म्हणजे जगभरच्या लोकांच्या डिस्कवर गिऱ्हाईकांचा डेटा ठेवणारं नेटवर्क, आणि अशी जागा देणारं यंत्र म्हणजे नोड; मोबदला टोकनमध्ये, म्हणजे क्रिप्टो नाण्यात मिळतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण सांगलीत आमची ओळख 'ते क्रिप्टोवाले' अशी एका गृहस्थाने करून ठेवली आहे. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

नोडकडे वळलो ते पुरामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. ज्यांनी बॅकअप घेतला नव्हता त्यांचा डेटा गेला, आणि ज्यांनी घेतला होता त्यांचाही गेला, कारण बॅकअपची डिस्क त्याच इमारतीत दुसऱ्या कपाटात होती. स्टोर्जची रचना तेव्हाच पटली. तेव्हाच्या पद्धतीत फाईल एन्क्रिप्ट करून (कुलूपबंद करून) तिच्या दर ६४ एमबीच्या भागाचे ८० तुकडे करायचे, ते ८० वेगवेगळ्या नोडवर ठेवायचे आणि त्यांतले कोणतेही २९ सापडले की भाग परत उभा. भाग बुडायला किमान ५२ तुकडे जावे लागतात, आणि कृष्णा कितीही चढली तरी ५२ ठिकाणी एकदम पोचणार नाही.

पहिलं गिऱ्हाईक मार्केट यार्डातले हळदवाले शेठ. पुरात त्यांच्या टॅलीचा जुना डेटा वाहून गेला होता. त्यांना सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "तुझं टोकन-बिकन मला कळत नाही. माझी टॅली सापडली पाहिजे, बास." आजही त्यांच्या पेढीत सौदे संपले की रात्री बॅकअप सुटतो आणि सकाळी त्यांचा फोन येतो, "गेला का रे?" कळवण्याची सोय मोबाईलवर करून दिली आहे, तरी फोन येतोच.

सुरुवातीच्या सुरळीत काळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. डिस्क भरत होत्या, नोडच्या पैशांत दुकानाचं इंटरनेटचं बिल निघत होतं.

आता बँडविड्थ. नोड म्हणजे डिस्कचा धंदा असं लोकांना वाटतं. डिस्क एकदा घेतली की झालं. इंटरनेटची लाईन मात्र रोजची आहे. अनलिमिटेड म्हणून विकल्या जाणाऱ्या फायबर प्लॅनला बहुधा महिन्याला ३३०० जीबीची एफयूपी असते, म्हणजे तेवढा डेटा झाला की वेग पाडतात. हिशेब घालून बघा. एका दिशेने सतत १० एमबीपीएस वाहिलं तर ३० दिवसांत ३२४० जीबी होतात. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाईनचा दहावा हिस्सा वापरला तरी प्लॅन संपत आला. तीच लाईन पूर्ण वेगाने भरली तर तीन दिवसांत काम तमाम.

त्यातही खाचखळगे आहेत. नोडकडे येणाऱ्या डेटाचे, म्हणजे आवकेचे, पैसे मिळत नाहीत. साठवणुकीचे मिळतात आणि गिऱ्हाईकाने डेटा परत ओढला तर जावकेचे मिळतात. पण तुमचा इंटरनेट कंपनीवाला आवक-जावक दोन्ही मोजतो. शिवाय अपलोड करणारा गरजेपेक्षा जास्त नोडना एकदम तुकडे पाठवायला लागतो, हवे तेवढे पूर्ण झाले की बाकीचे मधेच तोडतो. तुमचा तुकडा निम्मा आला असताना तुटला तर तो निम्मा तुमच्या एफयूपीत गेला आणि हाती शून्य. राउटरच्या ग्राफवर विसंबू नका, रीस्टार्ट झाला की आकडे पुसले जातात. लिनक्सवर वीएनस्टॅट नावाचं साधन टाका, ते महिन्याचा हिशेब डिस्कवर लिहून ठेवतं. आणि नोडसाठी एसएमआर (रेघा एकमेकींवर चढवून लिहिणारी, म्हणून सतत लिहिताना मंदावणारी) डिस्क घेऊ नका. हा विषय वेगळा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या लाईनवाल्याचं नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, आम्ही त्याच्याकडूनच अनामत भरून घेतला होता, कारण सीजीनॅटच्या (अनेक गिऱ्हाईकांना एकच पत्ता वाटून देण्याच्या सोयीच्या) मागून नोडचा २८९६७ चा पोर्ट, म्हणजे त्याचं दार, बाहेर उघडतच नाही. अर्जावर 'व्यावसायिक वापर' असं आम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. तरी एका महिन्याच्या वीस तारखेला लाईन दोन एमबीपीएसवर आली. दुकानात ओरड सुरू झाली, कारण त्याच लाईनवर एएमसीच्या गिऱ्हाईकांचे कॅमेरे दिसायचे. लाईनवाल्याकडच्या कामगार पोराला बोलावलं, तर ओएनटीचा (फायबरच्या टोकाला बसवलेल्या डब्याचा) हिरवा दिवा दाखवून म्हणतो, "साहेब, आमच्याकडून ओके आहे."

मग आमचे स्प्लायसिंगवाले, म्हणजे फायबर जोडणारे, मामा आले. मामांची पेटी बघण्यासारखी असते: फायबर कापायचा क्लीव्हर फडक्यात गुंडाळलेला, स्पिरिटची बाटली, लाल उजेडाचा पेन आणि कडा झिजलेला पिवळा पॉवर मीटर. त्यांनी पॅचकॉर्ड काढून मीटरला लावली. उणे २७ डीबीएम; आकडा जितका उणे, तितका उजेड कमी. त्या ओएनटीची झेप उणे २८ पर्यंत, म्हणजे कडेलोटावरच. जिन्यातली केबल खिळ्याने दाबून काटकोनात वळवलेली होती. मामांनी तेवढा तुकडा कापला, नवा जोड दिला, मीटर उणे १९ वर आला. वेग मात्र दोनच राहिला. उजेडाचा दोष गेला, आता उरलं ते मुद्दाम केलेलं, हे तिथे सिद्ध झालं. लाईनवाल्याने फोनवर शेवटी कबूल केलं की आमच्याविरुद्ध 'बिटकॉइन मायनिंग'ची तक्रार आली आहे. स्टोर्जच्या नोडवर मायनिंग नसतं हे त्याला सांगून उपयोग नव्हता. एएमसीची तीन गिऱ्हाईकं त्या महिन्यात सुटली आणि पगार घरातून द्यावे लागले.

तक्रार कुणाची हे उघड होतं. सुरुवातीला म्हटलेले ते गृहस्थ. ते आमच्याच टेबलावर क्रिम्पिंग, म्हणजे केबलला कनेक्टर बसवणं, शिकले. मग वेगळे झाले, ठीक आहे, ज्याचं त्याचं पोट आहे. पण त्यांनी लोकांना डिस्कचे डबे विकायला सुरुवात केली, 'घरी ठेवा, महिन्याला पैसे'. नवा नोड आधी तपासणीत असतो, तोवर त्याला डेटा थोडाच येतो. पहिले तीन महिने कमाईतले ७५ टक्के स्टोर्जवाले राखून ठेवतात, पुढचे तीन ५०, त्यापुढचे तीन २५. हे विकताना कुणाला सांगितलं नाही. माणसं चिडली आणि भांडायला आमच्या दुकानात आली, कारण गावात नोडवाले म्हणून पाटी आमची!

खरा घाव वेगळाच. त्याच लाईनवाल्याकडून त्यांनीही स्टॅटिक आयपी घेतला. आयपीचे पहिले तीन आकडे सारखे असले, म्हणजे चोवीसचा (/२४) सबनेट, पत्त्यांचा एक गट, एकच असला, की डेटा वाटताना नेटवर्क त्या सगळ्या नोडना मिळून एकच धरतं. तुकडे एका जागी साचू नयेत म्हणून ही अट आहे आणि ती योग्यच आहे. पण त्यांचा डबा सुरू झाल्यावर आमची आवक हळूहळू निम्म्यावर आली आणि दोन महिने आम्ही डिस्क, केबल, राउटर तपासत बसलो. सबनेटमधले नोड मोजायचं साधन आहे, त्यात आयपी टाकल्यावर शेजारी दिसला. शाप द्यावा तर कुणाला? नियमाने त्याने काहीच चुकीचं केलेलं नव्हतं. तक्रारीचं मात्र आम्ही विसरलेलो नाही.

वाट शेठनी काढली. मार्केट यार्डातल्या गोदामाचा वरचा मजला दिला, भाडं घेत नाहीत. तिथे दुसऱ्या कंपनीची लाईन, वेगळा सबनेट, इन्व्हर्टर आणि चार डिस्क, एका डिस्कला एक नोड. हळदीची धूळ पंख्यात जाते म्हणून मामांनी खोक्याला मलमलचं फडकं शिवून लावलं आहे, ते दर आठवड्याला झटकावं लागतं आणि पिवळंधमक निघतं. दुकानातल्या नोडची जागा सेटिंगमध्ये वापरलेल्यापेक्षा कमी दाखवली. असं केलं की आवक थांबते, जावक चालू राहते आणि एफयूपी हाताबाहेर जात नाही.

कमाई पूर्वीसारखी नाही. जावकेला टीबीमागे २० डॉलर होते, २०२३ नंतर २ झाले. साठवणुकीला महिन्याला टीबीमागे दीड डॉलर. टोकन विकताना नफ्यावर ३० टक्के कर आहे, शिवाय १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. तेव्हा कर्ज काढून डिस्क घेऊ नका. पडून आहेत त्या लावा. आणि लाईन घेताना वेग विचारू नका, तो सगळेच सांगतात. एफयूपी लेखी मागा आणि स्टॅटिक आयपीचा तिसरा आकडा पैसे भरायच्या आधी विचारा. काउंटरवरच्या मुलाला कळणार नाही, तर त्याच्या साहेबाला बोलवायला सांगा.

ते गृहस्थ आता सोलर पॅनेल विकतात. जुन्या लाईनवाल्याकडची स्टॅटिक आयपीची अनामत मात्र आम्हाला अजून परत मिळालेली नाही. पावती जपून ठेवली आहे.