भिशीचं व्याज

आमच्या भिशीतल्या एकीचे यजमान बँकेतून निवृत्त झालेत. एकदा त्यांनी कागद-पेन घेऊन आमच्यासमोर हिशेब मांडला. बाराजणी, महिन्याला दोन हजार, म्हणजे दर महिन्याला एकीच्या हातात 24 हजार. जिची चिठ्ठी पहिल्याच महिन्यात निघते ती बिनव्याजी कर्ज घेऊन मोकळी, आणि जिची शेवटी, ती वर्षभर बाकीच्यांना बिनव्याजी कर्ज देत बसते. तेच दोन हजार दरमहा आरडीत टाकले तर सात टक्क्यांनी वर्षाला 900 रुपयांच्या वर व्याज पडतं. "म्हणजे शेवटच्या बाईचे 900 रुपये बुडाले," भाऊजी म्हणाले. हिशेब बरोबर होता. आमच्यातल्या मास्तरीणबाईंनी तो तपासून वर पूर्ण मार्कही दिले. खजिनदार तेवढी म्हणाली, "भाऊजी, आरडी काढली तर मिसळ कोण घालणार?"

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. त्या दिवशी मिसळ त्यांच्याच घरी होती.

भिशीचे प्रकार पुष्कळ. व्यापाऱ्यांची भिशी लिलावाची. ज्याला नड आहे तो बोली लावून कमी रकमेत उचलतो, वरचं उरलेलं बाकीच्यांत वाटलं जातं. आमची साधी, चिठ्ठीची. स्टीलच्या डब्यात नावं टाकायची, घरात लहान मूल असेल तर त्याच्याकडून उचलायची. आता आमच्या कोणाकडेच लहान मूल नाही. नातवंडं अजून यायचीत आणि पोरं पुण्याच्या पुढे गेलीत, त्यामुळे दुधवाला, कुरिअरवाला, गॅसवाला, दारात येईल त्याच्याकडून चिठ्ठी उचलून घेतो. एका कुरिअरवाल्याने आधी विचारलं होतं, "सही कुठं करायची?"

चिठ्ठी म्हटलं तरी तिचं फार खरं नसतं. एखादीची नड सगळ्यांना ठाऊक असते. मुलीच्या हॉस्टेलचे पैसे भरायचे असतात, नवऱ्याची अँजिओग्राफी ठरलेली असते. तशी ती बोलत काहीच नाही. चहा ओतताना एवढंच म्हणते, "या महिन्यात लागली तर बरं बाई." मग जिची निघते ती चिठ्ठी पुन्हा घडी करून डब्यात टाकते आणि म्हणते, "मला दिवाळीला हवीय, हिला घेऊ दे." यावर चर्चा होत नाही, आभार तर अजिबात नाहीत. विषय लगेच बदलतो, बहुतेक वेळा फॅनवर जातो.

फॅन हा आमच्या भिशीतला कायमचा तंटा आहे. आम्ही सगळ्या 46 ते 54च्या मधल्या. जानेवारीत साताऱ्याला संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावरून जो वारा उतरतो त्यात माणसं कानटोपी घालून फिरतात. तशा थंडीत आमच्याकडे फॅन पाचावर. दोघी शाल गुंडाळून "बंद करा गं" म्हणताहेत, तिघी लग्नपत्रिकांनी वारा घेताहेत, आणि पाच मिनिटांनी शालवाली शाल फेकून पत्रिका मागतेय. कपाळावर घामाचे थेंब, मान लालबुंद, मग लगेच थंडी. घरात हे सांगितलं तर "पाणी पी जरा" एवढंच उत्तर येतं. इथे सांगावं लागत नाही, कोणीतरी न बोलता खिडकीजवळची खुर्ची सोडते.

पाळी सलग बारा महिने आली नाही की मगच ती गेली असं डॉक्टर म्हणतात. आमच्यातली एक हे फार मनावर घेऊन कालनिर्णयवर खुणा करत होती. दुधाच्या खाड्यांशेजारी तिच्या बारीक फुल्या. अकरा महिने बिनबोभाट गेले, कंदी पेढे आणायचंही ठरलं, आणि बाराव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आली. सापशिडीत 98वर साप गिळतो ना, तसं. तिचा फोन आला तेव्हा ती हसत होती की रडत होती मला कळेना. "पुन्हा एकपासून मोजायचं गं!" पेढे आम्ही तरी खाल्लेच. त्यासाठी एवढं थांबायची काय गरज होती, असं मास्तरीणबाईंचं मत पडलं.

असल्या गप्पांसाठी घराबाहेर पडायचं म्हणजे मात्र कारण लागतं. "मैत्रिणीकडे जाते" म्हटलं की घरातून तीन प्रश्न येतात. कोणती मैत्रीण, कशाला, किती वाजता येणार. त्यात "मग आमटी?" हा चौथा. कोणी अडवत नाही तसं, आमच्या घरातली माणसं वाईट नाहीत. पण नुसतं भेटायला जाणाऱ्या बाईच्या मागे काहीतरी काम निघतं हे खरं. आणि तेही सोडा, आमचाच पाय निघत नाही. रिकामटेकडं बसायला गेल्यासारखं वाटतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. भिशीचं तसं नाही. तिथे पैसे आहेत, तारीख आहे, न गेल्यास खोळंबा आहे. "भिशी आहे" म्हटलं की सासूबाईसुद्धा म्हणतात, जा, पैशाचा व्यवहार आहे, उशीर करू नकोस. गंमत म्हणजे पैसे आता आदल्या दिवशीच मोबाईलवरून खजिनदाराच्या खात्यात गेलेले असतात. हे घरी सांगायची अजून कोणाला गरज वाटलेली नाही.

17 मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि भिशीला नवं वळण लागलं. त्याआधी कुठे जायचं तर कोणाची गाडी, कोण चालवणार, मागे तिघी की चौघी, यातच बेत विरघळायचा. आता सरळ स्टँडवर जमायचं. पहिल्यांदा वाईला निघालो तेव्हा कंडक्टरने आमच्याकडे बघून विचारलं, "सगळ्या हाफ का?" तर मागून एक म्हणाली, "कधीच्याच!" पुढे पाचवडपर्यंत अख्खी गाडी हसत होती.

वाईला ढोल्या गणपती आहे, रास्त्यांनी 1762मध्ये बांधलेला. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, कृष्णेला पूर आला तर पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. तिथून वडापच्या जीपने मेणवली, जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे नदीचा घाट, आणि घाटावर 1739च्या वसई मोहिमेनंतर आलेली ती अगडबंब पोर्तुगीज घंटा. फोटो काढायचे सोडून आम्ही आधी पायऱ्या बघितल्या. दगडी, उंच, आणि एका बाजूला कसलाही आधार नाही. बाराजणींत धड गुडघे म्हणावेत असे सहा-सात. मग तिरक्या होऊन, एकमेकींचे पंजे धरून, साखळी करून उतरलो. सगळ्यात खाली खजिनदार, कारण ती सगळ्यात जाड आहे, "घसरलात तर मी आहे" हे तिचंच म्हणणं. खाली पाण्यात पाय सोडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वाईच्या माहेरवाशिणीने त्या घाटावर लहानपणी धुणं धुतलेलं. कुठल्या पायरीवर तिची जागा होती ते तिने दाखवलं, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. तिच्या आईला जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. कोणी उठायची घाई केली नाही, शेवटची वडाप चुकली तरी.

आमच्यातली एक मध्यंतरी यायची बंद झाली होती. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण त्या अंथरुणावरच राहिल्या. पैसे वेळेवर यायचे, ती यायची नाही. फोन केला की "बघते" म्हणायची आणि मागून हाका ऐकू यायच्या. शेवटी खजिनदाराने परस्पर जाहीर केलं की पुढची भिशी तिच्याच घरी. ती चिडलीच, घर आवरलेलं नाही म्हणाली. तर आम्ही पोहे, चहाची पूड, दूध, कपबशा, सगळं घेऊन गेलो. पसारा होताच. औषधांचा, धुतलेल्या चादरींचा. त्यातलीच एक चादर दोघींनी दोन टोकं धरून झटकून घडी केली, दुसरी उचलली, आणि गप्पा मारता मारता ढीग संपला. सासूबाईंच्या खोलीतच बसलो, पलंगाभोवती. त्यांना पाठीला उशा लावून उठवलं आणि चिठ्ठी उचलायला डबा पुढे केला.

आजीबाईंनी हात घातला आणि दोन चिठ्ठ्या काढल्या. एकमेकींना चिकटलेल्या. खजिनदार म्हणाली, "आजी, एक टाका परत." आजी म्हणाल्या, "का म्हणून? माझ्या हातात दोन आल्या, दोघींना द्या." नियम सांगून पाहिला. "मला काय पडलीय तुमच्या नियमाची!" महिनोन्‌महिने छताकडे बघत पडलेल्या बाईचा तो आवाज ऐकून सून दारात उभी राहून बघतच राहिली. मग तोड निघाली ती अशी, की या महिन्यात दोघींना बारा-बारा हजार, पुढच्या महिन्यात उरलेले बारा-बारा. म्हणजे पुढच्या महिन्यात चिठ्ठी नाही. आजींना हा हिशेब मान्य झाला. त्यांनी पोह्यांत मीठ कमी असल्याचंही सांगितलं.

पुढच्या महिन्यात खरं तर जमायचं काही कारण नव्हतं. कोणाला पैसे मिळणार ते ठरलेलं, खजिनदाराने सकाळीच दोघींच्या खात्यात ते टाकूनही दिले. तरी चारच्या सुमाराला बाराहीजणी हजर. आजींची सूनसुद्धा आली होती, शेजारच्या काकूंना तासभर बसवून. डबा कोणी काढलाच नाही. दिवेलागणीनंतरही फॅनवरून भांडण चालू होतं.

बँकवाल्या भाऊजींना या महिन्यात चिठ्ठी नाही हे माहीत होतं. बायको घरी पोहोचली तेव्हा त्यांनी विचारलं, "मग आज गेली होतीस कशाला?"

"अहो, म्हणजे काय? भिशी होती," ती म्हणाली, आणि आमटीला फोडणी टाकायला आत गेली.