नजारा भारी, पण हरीण कुठंय?

हरणाच्या शिकारीला सुरुवातीला मी पण तेच करायचो, जिथून अख्खी दरी दिसते तिथे जाऊन बसायचं. टेकडीचा माथा, खाली मोकळं कुरण, आणि मी वर आभाळाला टेकून बुजगावण्यासारखा. दोन सकाळी फुकट गेल्या, तिसऱ्या दिवशी मागून जोरात फुस्कारा आला, वळेपर्यंत पांढरी शेपटी झाडीत गायब. म्हणजे ते मागून येत होतं आणि वारा माझा वास थेट त्याच्या नाकात नेऊन देत होता!

तेव्हापासून घरी नकाशा उघडून बसतो आणि आधी खिंड शोधतो. कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दाटीने आल्या की चढ उभा, विरळ झाल्या की सपाटी, आणि दोन शिखरांच्या गोल रेषांमध्ये कंबर बारीक झाल्यासारखं दिसलं की ती खिंड. जनावर पण आपल्यासारखंच आळशी, उगाच माथा चढून पलीकडे कशाला जाईल, खिंडीतूनच जाणार. तसंच उभ्या चढाच्या मध्येच एखादी सपाट पट्टी असेल तर तिच्यावरून आडवी वाट हमखास असते. पण दर 20 मीटर उंचीला एक रेषा काढलेल्या नकाशात 8-10 मीटरचं टेपाड नाही तर छोटी घळ सहज लपून जाते, त्यामुळे एक चक्कर पायी मारावीच लागते (हंगामाच्या बरंच आधी, ऐनवेळी जाऊन जनावरं बुजवून ठेवू नका).

त्या चक्करेत मी चिखल बघतो. एका खिंडीत एवढासा ओला पट्टा होता, हातभर पण नसेल, त्यात खुरांचे ठसे एकावर एक, काहींच्या कडा अजून धारदार, काही पावसाने बसलेले, म्हणजे रोजची ये-जा. बाजूच्या काटेरी तारेला केस अडकलेले. बास, अजून काय पाहिजे.

तरी बसायची जागा वाराच ठरवतो. ऊन चढलं की उतार तापतो आणि हवा वर सरकते, संध्याकाळी गार झाली की तीच हवा ओढ्याच्या पाण्यासारखी घळीतून खाली वाहते. त्यामुळे सकाळी वाटेच्या वरच्या अंगाला आणि संध्याकाळी खालच्या अंगाला, असं साधं गणित. हवेची दिशा बदलते त्या मधल्या तासाभरात ती गोल गोल फिरते, तेव्हा काही खरं नसतं. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवतो, फुस्स करून दाबली की पांढरा धूर कुठे जातोय ते दिसतं. गंमत म्हणजे खिंडीच्या अगदी तोंडावर वारा सगळ्यात लहरी, म्हणून मी तिथून 40-50 पावलं बाजूला बसतो.

आणि माथ्यावरच्या जनावरावर बार टाकायचा नाही, मागे मातीचा उतार नसेल तर गोळी कुठे जाऊन पडेल देव जाणे.

ती जुनी नजाऱ्याची जागा अजून आहे, डबा खायला तिथेच जातो.